वरून ठणठणीत!

दिवाळी जवळ आली की घर रंगवण्याची हुक्की येतेच. यंदा ती मला आली. आजोबांच्या वेळच्या खिडक्यांचे पोपडे मी पॉलिशपेपरने खरवडले आणि सारा केर मागच्या अळूच्या वाफ्यात लोटला. म्हटले, माती ती माती. तिला काय व्हायचे आहे!

दुपारी भाची आली. ती प्राणिशास्त्र शिकवते. वाफा पाहून तिने कपाळाला हात लावला.

"मामा, जुन्या तैलरंगात शिसे असते! आपल्याकडे दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आली ती २०१७ साली. तुमच्या खिडक्या कधीच्या?"

मी खुरप्याने माती उकरली. एक गांडूळ वळवळत वर आले. "हे बघ, कसे ठणठणीत आहे!"

"वरून!" ती म्हणाली आणि माझी शाळा सुरू झाली.

गांडूळ माती गिळते आणि श्वासही कातडीनेच घेते. म्हणून शिसे, कॅडमियम, तांबे त्याच्या अंगात सहज शिरतात. आतड्याभोवतीच्या पिवळसर पेशी शिसे कोंडून ठेवतात, पण त्या कोठीलाही मर्यादा आहे. शरीरातल्या द्रवात आपल्या पांढऱ्या पेशींसारख्या पेशी तरंगत असतात. शास्त्रज्ञ त्यांना तांबडा रंग पाजतात आणि घड्याळ लावून बसतात. निरोगी पेशी तो रंग आपल्या इवल्याशा पिशव्यांत बराच वेळ धरून ठेवते. धातूने पोखरलेल्या पेशीची पिशवी लवकर गळू लागते. गांडूळ मरण्याच्या कितीतरी आधी हे कळते!

"आणि पुढे?" मी विचारले.

"इंग्लंडात ब्रिस्टलजवळ एव्हनमथला जस्त-शिशाची भट्टी होती. ती २००३ साली बंद झाली. तिच्या अगदी लगतच्या मातीत गांडुळे उरली नव्हती आणि जवळच्या रानात पाचोळा कुजेना. थरावर थर साचले. मामा, शेण कुजते, शिसे कुजत नाही."

एवढ्यात आमचा नातू रांगत रांगत वाफ्याकडे निघाला. मी त्याला झटकन उचलले. गांडुळापेक्षा त्याच्या पेशी काही पोलादाच्या नव्हेत!

संध्याकाळी माती भिजवून वरचा थर काढला आणि पोत्यात घट्ट बांधला. अळूही उपटले.

पाडव्याच्या पानात अळूवडी नव्हती. सौभाग्यवतींनी कारण विचारले.

मी म्हणालो, "गांडुळाची तब्येत बरी नाही."