ती पिशवी कापडाची नाही



आज जरा कडक लिहिणार आहे. पर्युषण जवळ आलं की आपल्या महिला मंडळांत एक विषय हमखास निघतो, यंदा प्रभावनेला काय द्यायचं? गेली काही वर्षं उत्तरही ठरलेलंच. "कापडी पिशव्या छापून घेऊ या. स्वस्त पडतात आणि पर्यावरणाचंही काम होतं." मग गुलाबी, पोपटी, केशरी पिशव्यांचे गठ्ठे स्थानकात येऊन पडतात. वर तपस्वींचं नाव, खाली लाभार्थी परिवाराचं.

त्या पिशव्या कापडाच्या नाहीत. त्या प्लॅस्टिकच्या आहेत. आपल्या घरात कपाट भरून सुती चादरी आहेत, कोपऱ्यात शिलाई मशीन आहे आणि तरी आपण ह्या पिशव्या विकत आणून वाटतो. हे ना धर्मात बसतं, ना हिशोबात.

"प्लॅस्टिक कसं? हाताला तर कापड लागतं!" असं कोणी म्हणेल. पिशवी उजेडात धरून बघा. कापडात उभे आणि आडवे धागे असतात, ताणा आणि बाणा. ह्या पिशवीत एकही विणलेला धागा नाही, नुसते बारीक ठिपके दाबलेले दिसतात. पॉलिप्रॉपिलिन नावाचं प्लॅस्टिक वितळवायचं, त्याचे तंतू एकमेकांवर पसरायचे आणि गरम रुळाखाली दाबायचे, म्हणजे हे 'कापड' तयार. बाजारात त्याला नॉन-वोव्हन म्हणतात, म्हणजे न विणलेलं. नावातच कबुली आहे. आणखी खात्री हवी असेल तर एक छोटा तुकडा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. सुती कापड कागदासारखं जळतं आणि राख होते. हे आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी बनतो.

कायद्यालाही ह्यात संशय नाही. २०२१ साली केंद्र सरकारने प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत बदल केला. त्यात ह्या पिशवीला नॉन-वोव्हन 'प्लॅस्टिक' पिशवी असंच म्हटलं आहे, आणि ३० सप्टेंबर २०२१ पासून ती चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी असू नये असं बंधन घातलं. सरकारने प्लॅस्टिक म्हटलेल्या वस्तूला आपण मात्र कापड म्हणून पुण्य लावून वाटतो!

पुढे त्या पिशवीचं काय होतं? दोनदा भाजी आणली की बंद तुटतो. उन्हात राहिली तर तिचा भुगा होतो. हा भुगा मातीत मिसळून जात नाही, तो बारीक प्लॅस्टिकच राहतो. नाहीतर पिशवीत शिळं अन्न भरून ती कोपऱ्यावर जाते आणि तिथे गाय उभी असते. मुंगी वाचावी म्हणून पुंजणीने जागा पुसून सामायिकाला बसणाऱ्या आपण बायका. गाईच्या पोटात जाणारी वस्तू आपल्याच स्थानकातून निघाली, ह्याचा विचार कोण करणार?

वाईट ह्याचंही वाटतं की आपण खानदेशच्या आहोत. आपली काळी माती कापसाची. जळगावला खानदेश मिल, अमळनेरला प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप मिल होती. मिलच्या भोंग्यावर इथल्या घरांचं घड्याळ चालत असे. भोंगे बंद झाले, तो आपल्या हातातला विषय नव्हता. पण कापड कशाला म्हणावं हे खानदेशच्या बाईला कळू नये?

आता धर्माचं बघू. आपल्या चौदा नियमांत 'वत्थ' हा एक नियम आहे. आज किती वस्त्रं वापरायची, त्याची मर्यादा सकाळीच धारायची. म्हणजे कापड ही मोजून वापरायची वस्तू आहे, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं आहे. अपरिग्रह म्हणजे नुसतं नवीन न घेणं नव्हे. घेतलेल्या वस्तूचा शेवटपर्यंत उपयोग करणं हाही त्याचाच भाग आहे. जुनी चादर माळ्यावर ठेवून नवी प्लॅस्टिकची पिशवी वाटणं हा दुहेरी परिग्रह झाला.

जुनं कापड म्हणजे कमी प्रतीचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पाणी गाळायच्या फडक्याकडे बघावं. आपल्याकडे ते जाड आणि दुहेरी असावं असा दंडक आहे. बांगलादेशात मतलब नावाचा भाग आहे, तिथल्या ६५ गावांत कॉलऱ्यावर एक अभ्यास झाला. रिटा कोलवेल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञ त्यात होत्या. बायकांना सांगितलं गेलं की नदी-तळ्याचं पाणी घड्यात भरताना तोंडाला सुती साडीची घडी लावा, निदान चार पदरी. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना चिकटून राहतात, आणि ते जीव ह्या घडीत अडकतात. २००३ साली निष्कर्ष छापून आले. कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं होतं. आणि नव्यापेक्षा जुनी, धुऊन मऊ झालेली साडी जास्त चांगली ठरली, कारण धुऊन धुऊन तिच्या धाग्यांमधली भोकं बारीक झालेली असतात. ह्याने पाणी उकळायचं सुटत नाही. पण जुन्या सुती कापडाची किंमत काय, ते ह्यावरून समजावं. आपण मात्र नळाला प्लॅस्टिकची जाळी लावतो.

म्हणून घरच्या शिवणाची सुरुवात फडक्यापासूनच करा. जुन्या सुती साडीचा चांगला भाग घ्या, दुहेरी केल्यावर भांड्याच्या तोंडावरून चारही बाजूंनी वीतभर खाली येईल एवढा. दोन्ही पदर एकत्र धरून कडा दोनदा दुमडा आणि धावदोरा घाला. मशीनही लागत नाही. दहा वर्षांच्या मुलाला सुईत दोरा ओवता आला की त्याच्याकडूनही होतं. 'मुलीला' लिहिलं नाही, मुद्दाम 'मुलाला' लिहिलं आहे.

आता पिशवीचा हिशोब. मी बी. कॉम. आहे, आकड्यांशिवाय मला बोलता येत नाही. डबल बेडची सुती चादर साधारण ९० बाय १०० इंचांची असते. एका पिशवीला ३६ बाय १६ इंचांचा तुकडा लागतो. तो मधोमध दुमडायचा, दोन्ही बाजूंना टीप मारायची, तोंडाची कड दुमडून शिवायची. २४ बाय ४ इंचांच्या दोन पट्ट्या चौपदरी दुमडून शिवल्या की बंद झाले. ते तोंडाच्या कडेत आत घालून वर फुलीची टीप मारा, म्हणजे पाच किलो बटाट्यांनाही उसवणार नाहीत. एका चादरीत अशा दहा पिशव्या बंदांसकट बसतात. मधला भाग विरलेला असला तर सात-आठ धरा. कपडा उरला तर त्याचे हातरुमाल करा, चिंध्या गोधडीच्या पोटात घाला.

पाचशे पिशव्या हव्यात ना? पन्नास घरांनी एकेक चादर दिली की झालं. मशीनवर एका पिशवीला पंधरा मिनिटं लागतात. दहा पिशव्यांचे अडीच तास. पर्युषणाआधीच्या महिन्याभरात प्रत्येकीचे फक्त अडीच तास! विकतची पिशवी दहा रुपयांची धरली तर पाच हजार रुपये वाचले. ते जीवदयेच्या खात्यात टाका. ह्या हिशोबात तोटा कुठे आहे, मला कोणी दाखवावा.

आता तुमचे आक्षेप. "वापरलेल्या चादरीची पिशवी प्रभावनेत दिली तर लोक काय म्हणतील?" स्वच्छ धुतलेली, इस्त्री केलेली, कडेला रंगीत पट्टी लावलेली पिशवी हातात घेऊन बघा. लोकांना बोलायचंच असेल तर लाभार्थीचं नाव पिशवीवर एवढं मोठं का, ह्यावर आधी बोलावं.

"वेळ कुणाला आहे?" नोकरी करणाऱ्या सुनेला नसेल, खरं आहे. तिने चादर द्यावी आणि शिलाई द्यावी. आपल्या देवपुरात घरी बसून ब्लाउज-फॉल करणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. पैसा त्यांच्या हातात गेला तर गावातच राहील.

"मुलींना पुन्हा सुई-दोऱ्यात अडकवायचं का?" हा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. आपल्या पिढीत शिवण मुलींवर लादलं गेलं, लग्नाच्या यादीत 'शिवणकाम येतं' असं लिहावं म्हणून. त्यावर उपाय शिवण टाकून देणं हा नाही. घरातल्या सगळ्यांना शिकवणं हा आहे. दुकानातला शिंपी पुरुष असतो, तेव्हा कुणाला त्यात बायकीपणा दिसत नाही. मग घरच्या मुलाने शर्टाचं बटण लावलं तर काय बिघडतं? गांधीजी यंत्रांवर एवढे रागावलेले, पण १९२४ साली त्यांनीही सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हणून मान दिला होता. बायकोचे हात शिवून शिवून शिणतात हे बघून सिंगरने ते केलं, असं ते सांगत. पायमशीनला वीज लागत नाही, महिन्याला दोन थेंब तेल लागतं. आणि आपण तिच्यावर चादर टाकून कपड्यांचे ढीग रचतो.

शेवटी नव्या फॅशनबद्दल. सुट्टीत मुलांसाठी 'क्राफ्ट किट' आणायची पद्धत पडली आहे. फेल्टचे तुकडे, चमकी, गोंदाची बंदूक, प्लॅस्टिकचे डोळे. तासाभरात सशाचं तोंड तयार होतं आणि आठवड्यात ते कचऱ्यात. ज्या हस्तकलेची सुरुवात दुकानात होते आणि शेवट कचरापेटीत, ती कला घरची नव्हे. मुलांना आजोबांच्या जुन्या धोतराचा आसनासाठी चौकोन कापू द्या. त्यांच्याच लहान झालेल्या सुती शर्टांचे तुकडे जोडून उशीचा अभ्रा करू द्या. टाके वाकडे येतील. येऊ द्या. सामायिकाला तेच आसन घेऊन मूल स्वतःहून बसेल.

माझी मागणी एवढीच आहे. ह्या आठवड्यात मंडळाची बैठक असेल तिथे पिशव्यांची ऑर्डर थांबवा. माळ्यावरची एक सुती चादर काढा, धुवा, कापा. दहा पिशव्या शिवून संवत्सरीच्या आधी स्थानकात आणून द्या. ज्यांना कापता येत नाही त्यांनी चादर घेऊन माझ्याकडे या, मी मापं काढून देते. मशीन उघडीच आहे.