करून बघायला काय हरकत आहे?

हे वाक्य मला आता ऐकवत नाही. ऑफिसच्या ग्रुपवर अधूनमधून एक लिंक येते. कुणाच्या तरी नात्यातलं, कुणाच्या तरी सोसायटीतलं चार-पाच वर्षांचं पोर, सेरेब्रल पाल्सी, आणि ‘स्टेम सेल थेरपी’साठी अमुक इतके लाख हवेत. आपण पाचशे-हजार टाकतो, हात जोडलेलं चित्र टाकतो आणि कामाला लागतो. एखाद्याने विचारलंच, “पण याचा उपयोग होतो का रे?” तर उत्तर ठरलेलं: “अरे, आईबापांचा जीव आहे. करून बघायला काय हरकत आहे?”

हरकत आहे. चांगली मोठी हरकत आहे, आणि आजचा शनिवार मी ती सांगण्यात घालवणार आहे. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण इथला वाद औषधापेक्षा पुराव्याचा जास्त आहे. आणि ‘हे चाललं ते नक्की कशामुळे चाललं?’ हा प्रश्न तर आपण रोजच सोडवतो.

आधी आजार समजून घेऊ. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लगेच वाढत्या मेंदूला इजा होते. ऑक्सिजन कमी पडला, मूल फार लवकर जन्मलं, कावीळ डोक्यात गेली, जंतुसंसर्ग झाला, अशी कारणं असतात. कित्येकदा कारण सापडतच नाही. जगभरात दर १००० जन्मांमागे साधारण २ ते ३ मुलांना हा त्रास असतो. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही, पण तिचे शरीरावरचे परिणाम वाढत जातात. स्नायू आखडलेले राहतात, हाडं वाढतात, स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, आणि मग सांधे वाकडे होतात, खुब्याचा सांधा निसटू लागतो. शिवाय या एका नावाखाली फार वेगवेगळी मुलं येतात. त्यांच्या पाच पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवरचं मूल चालतं, पळतं, फक्त जरा अडखळतं. पाचव्या पायरीवरच्या मुलाला मानही धरता येत नाही.

आता विकलं जातं ते काय? मुलाला भूल देऊन कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढतात, यंत्रात फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि पाठीच्या मणक्यात सुई घालून तिथल्या पाण्यात त्या सोडतात. सोबत काही दिवस कसून फिजिओथेरपी. घरी जाताना व्यायामाचा भलामोठा तक्ता. आणि बिल. (हा फिजिओथेरपीचा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

‘स्टेम सेल’ या शब्दाला जे वलय आहे ते उसनं आहे. थॅलॅसेमिया किंवा ब्लड कॅन्सरसाठी अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण होतं, ते शंभर टक्के खरं, सिद्ध झालेलं शास्त्र आहे. पण तिथे रक्त बनवणाऱ्या पेशी रक्त बनवण्याचंच काम करायला घालतात. त्याच जातीच्या पेशी मणक्यात सोडल्या की त्या मेंदूपर्यंत जाऊन, चेतापेशी होऊन, तुटलेलं वायरिंग जोडून देतात, याला पुरावा नाही. तो मिळेना तेव्हा दावा बदलला: या पेशी काही उपयुक्त रसायनं सोडतात, सूज कमी करतात, वगैरे. असेलही! गंभीर संशोधक यावर काम करतायत. पण ही अजून कल्पना आहे, आणि कल्पनेचं बिल पेशंटच्या नावावर फाडायचं नसतं.

“पण फरक पडतो हो! आमच्या ओळखीतला मुलगा आता आधाराने उभा राहतो!” हा हुकमी एक्का. खोटं कुणीच बोलत नाहीये, मुलगा खरंच उभा राहतो. पण आपल्या धंद्यातलं उदाहरण बघा. सोमवारी सर्व्हर रडत होता, रात्री पॅच टाकला, मंगळवारी सर्व्हर एकदम झकास. टाळ्या, पार्टी. मग कुणीतरी कॅलेंडर बघतं, तर मंगळवारी गुढीपाडवा होता आणि लॉगइनच कुणी केलं नव्हतं. पॅच चालला का? माहीत नाही. ते ठरवायला अगदी तसाच दुसरा, पॅच न टाकलेला सर्व्हर शेजारी लागतो.

सेरेब्रल पाल्सीत असा ‘दुसरा सर्व्हर’ ठेवून केलेला एक फार बोलका प्रयोग आहे. १९९०च्या दशकात या मुलांना दाबाच्या टाकीत बसवून ऑक्सिजन द्यायची टूम निघाली होती. आईबाप शपथेवर सांगत होते की फरक पडतो. कॅनडात १११ मुलांवर नीट चाचणी झाली आणि २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. निम्म्या मुलांना दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, उरलेल्यांना किंचित दाब दिलेली साधी हवा. प्रत्येकाची ४० सत्रं. कुणाला काय मिळतंय हे ना पालकांना माहीत, ना तपासणाऱ्यांना. निकाल? ऑक्सिजनवाली मुलं सुधारली. आणि साध्या हवेवाली मुलंही तेवढीच सुधारली!

त्यात जादू काही नाही. लहान मुलं मुळात वाढतच असतात, सेरेब्रल पाल्सी असली तरीही. २००२ साली कॅनडातल्याच संशोधकांनी शेकडो मुलांच्या वाढीचे आलेख काढले. त्यात दिसलं की हालचालीची जेवढी क्षमता यायची असते त्यातली साधारण ९० टक्के पाचेक वर्षांच्या आतच येते. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला सुई टोचा नाहीतर अंगारा लावा, सहा महिन्यांनी ते आधीपेक्षा जास्त करणारच. त्यात कसून केलेली फिजिओथेरपी मिळवा, आईने रोज दोन तास घेतलेला व्यायाम मिळवा, आणि लाखो रुपये मोजल्यावर प्रत्येक हालचालीत सुधारणा शोधणारी नजर मिळवा. श्रेय मात्र सुईला!

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. चांगल्या चाचण्या झाल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात मुलांना त्यांच्याच नाळेतलं, जन्मावेळी साठवलेलं रक्त शिरेतून देऊन बघितलं. ६३ मुलं, काहींना खरं, काहींना खोटं. २०१७ साली निकाल आला तेव्हा मुख्य तुलनेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ज्यांना पेशींचा मोठा डोस मिळाला त्यांच्यात थोडी जास्त सुधारणा दिसली, पण ती आकडे नंतर उलगडून बघताना. पुढे २०२५ साली जगभरच्या नाळेच्या रक्ताच्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून विश्लेषण झालं. त्यात हालचालीच्या १०० गुणांच्या मापावर सरासरी दीडेक गुणाचा फायदा दिसला. लहान वयाच्या आणि सौम्य त्रास असलेल्या मुलांना जास्त.

दीड गुण. संशोधनाच्या दृष्टीने ही महत्त्वाची खूण आहे आणि काम पुढे जायलाच हवं. पण बाजारातल्या मालाशी हे ताडून बघा. चाचणीतलं नाळेचं रक्त, विक्रीला कमरेच्या हाडातली मज्जा. तिथे शिरेतून, इथे मणक्यात. तिथे दीड गुण, इथे माहितीपत्रकावर धावणारं पोर! एका वस्तूचा पुरावा दुसऱ्या वस्तूच्या बिलाला जोडायचा हा प्रकार एखाद्या व्हेंडरने आपल्याशी केला असता, तर आपण त्याला दारातूनच परत पाठवला असता.

माझा खरा राग इथे आहे. हा उपचार आपल्या देशात वर्षानुवर्षं विकला जातोय. या सगळ्या मुलांची व्यवस्थित चाचणी झाली असती, निम्म्यांना खरी सुई, निम्म्यांना खोटी, तर आज आपल्याला ठाम उत्तर माहीत असतं. हो तर हो, नाही तर नाही. पण खोट्या सुईचे पैसे घेता येत नाहीत ना! ज्याचा माल उत्तराशिवाय खपतो त्याला उत्तराची गरज काय? प्रत्येक मूल प्रयोगात सामील झालं, जोखीम त्याने घेतली, पैसे त्याच्या बापाने भरले, आणि त्यातून पुढच्या मुलाच्या उपयोगाचं ज्ञान मात्र काही निघालं नाही.

“सरकार मग गप्प का?” अगदीच गप्प नाही. आयसीएमआरच्या २००७च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात ‘संशोधन आणि थेरपी’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ साली सुधारित आवृत्ती आली तेव्हा ‘थेरपी’ हा शब्द नावातून काढूनच टाकला, कारण विकण्याजोगी थेरपी अजून तयारच नव्हती. २०१७ची आवृत्तीही तेच सांगते: रक्ताच्या आजारांसाठीचं मान्य प्रत्यारोपण सोडलं तर मंजूर चाचणीबाहेर पेशंटमध्ये स्टेम सेल वापरणं अनैतिक आहे, गैरव्यवहार आहे. डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने स्वमग्नतेसाठी, म्हणजे ऑटिझमसाठी, या उपचाराची शिफारस नाही असं स्पष्ट केलं. पण तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. २०१९च्या औषध चाचण्यांच्या नियमांत ‘औषध’ ठरतात त्या बरीच प्रक्रिया केलेल्या पेशी. फारशी प्रक्रिया न करता मुलाच्याच पेशी परत घातल्या, तर “हे औषध नाहीच हो, ही तर प्रोसिजर” म्हणायला वाट मोकळी.

“स्वतःच्याच पेशी आहेत, अपाय तर नाही ना?” लहान मुलाला भूल, हाडात सुई, मणक्यात सुई, हे फुकटात होत नाही. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका खासगी क्लिनिकमध्ये थेट मेंदूत पेशी टोचल्यावर २०१० साली एक लहान मूल दगावलं, आणि पुढच्या वर्षी ते क्लिनिक बंद झालं. मणक्यात टोचणं हे मेंदूत टोचण्याइतकं धोक्याचं नाही, मान्य. पण आपल्याकडे सगळ्यात मोठा अपाय सुईचा नसतोच. तो असतो पैशाचा आणि वेळेचा.

एफडी मोडली, सोनं गहाण पडलं, आणि एका आठवड्यात सगळं संपलं. मग पुढची दहा वर्षं? या मुलांसाठी खरोखर चालणाऱ्या गोष्टी आहेत, पण त्या कंटाळवाण्या आहेत. ‘चमच्याने स्वतः खाणं’ असं नेमकं ध्येय ठरवून केलेला सराव. एक हात अधू असेल तर चांगला हात काही काळ बांधून दुसऱ्याला कामाला लावणं. आखडलेल्या स्नायूंसाठी बोटॉक्स, पायांसाठी स्प्लिंट, मापाची खुर्ची, बोलता येत नसेल तर चित्रांचा बोर्ड किंवा टॅब्लेट. आणि ठरावीक काळाने खुब्यांचा एक्सरे! दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून या मुलांच्या खुब्यांवर नियमित लक्ष ठेवायला सुरुवात झाली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण जवळपास संपलं. एक साधा एक्सरे, वेळेवर. त्याची जाहिरात कधी पाहिलीत? मी नाही पाहिली. एक्सरेत स्वप्न विकता येत नाही.

आईबापांना दोष देणाऱ्यांतला मी नाही. “गरोदरपणात तू काय खाल्लंस?” इथपासून जिला टोमणे ऐकावे लागतात त्या आईला कुणीतरी पहिल्यांदाच “होईल बरं” म्हणतो, तेव्हा ती जाणारच. पण ‘बरं होणं’ ही एकच गोष्ट तिच्यासमोर ठेवण्यात आपण सगळे सामील आहोत. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली (आज तिचं नाव ‘अडॅप्ट’ आहे). त्यांच्या मुलीला, मालिनी छिब यांना, सेरेब्रल पाल्सी. शाळा मिळाली, साधनं मिळाली, त्या पुढे शिकल्या, आणि एका करंगळीने टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. त्यांची सेरेब्रल पाल्सी कुठे गेली नाही. त्यांचं आयुष्य मात्र झालं. प्रत्येक मूल पुस्तक लिहील असं नाही, पण प्रत्येकाला खुर्ची, शाळा आणि रॅम्प तर लागतोच ना?

तेव्हा द्यायचेच असतील पैसे, तर आधी विचारा. ही चाचणी आहे की विक्री? चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतला नंबर द्या (नुसता नंबर म्हणजे मंजुरी नव्हे, पण तोही नसेल तर विषयच संपला). चाचणी आहे तर पेशंटकडून पैसे कसले घेता? तुलनेचा गट कुठे आहे? सुधारणा मोजणार कोण, उपचार करणाराच का?

उत्तरं मिळाली नाहीत तर पैसे परत खिशात घालू नका. त्याच मुलाच्या वर्षभराच्या फिजिओथेरपीचे पैसे थेट थेरपिस्टला द्या. खुर्ची घेऊन द्या. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, त्याचा फॉर्म भरून द्या. ऑनलाइन फॉर्म भरण्यात आपला हात कोण धरणार? जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे एक दिवस रजा टाकून सोबत जा.

एवढं करून बघा. याला मात्र माझी काही हरकत नाही.

(विरोधी मत असेल तर जरूर लिहा. फक्त एक विनंती: व्हिडिओ पाठवू नका, तुलनेचा गट असलेले आकडे पाठवा.)