दाव्याला बांधलेले विषाणू

‘टाइम’ साप्ताहिकाने मार्च १९८० मध्ये इंटरफेरॉनला थेट मुखपृष्ठावर नेले, कर्करोगावरचे संभाव्य औषध म्हणून. त्या गाजावाजापेक्षा १९७४ मधला एक साधा प्रयोग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो.

इंटरफेरॉन हे शरीरातलेच प्रथिन. विषाणूची लागण झालेली पेशी ते सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये ते शोधले. पेशीच्या आत विषाणूची प्रथिनेच बनू न देणे, हे त्याचे काम समजले जाई.

अमेरिकी संशोधक रॉबर्ट फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने मात्र उंदरांना रक्ताचा कर्करोग करणारा विषाणू निवडला. तो पेशीला मारत नाही. तिच्या डीएनएतच ठाण मांडतो आणि ती पेशी सतत नवे विषाणू बाहेर टाकत राहते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा पेशींना इंटरफेरॉन दिल्यावर भोवतालच्या द्रवातले विषाणू खूप घटले. इथेच थांबले असते तर ‘विषाणूचे उत्पादन बंद’ अशी बातमी झाली असती. त्यांनी पेशींच्या आतही पाहिले. तिथे विषाणूची प्रथिने कमी झालेलीच नव्हती! कारखाना चालूच होता, माल तेवढा बाहेर पडत नव्हता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या आवरणाला चिकटलेले विषाणू दिसले.

‘प्रयोगशाळेत विषाणू घटला’ अशा बातम्या आजही येतात, औषधांच्या आणि काढ्यांच्याही. घट कुठे मोजली, पेशीबाहेर की आत, हे त्यात क्वचितच असते. रुग्णाच्या घरच्यांनी अशा बातमीवर पैसे खर्च करण्याआधी निदान एवढे तरी विचारावे. खुद्द इंटरफेरॉनला अमेरिकेत कर्करोगासाठी मान्यता मिळाली ती १९८६ मध्ये, ‘हेअरी सेल ल्युकेमिया’ या दुर्मीळ प्रकारासाठी. तीही ताप, थकवा आणि नैराश्य अशा दुष्परिणामांसह.

माल अडवतो कोण, याचे एक ठोस उत्तर मिळायला २००८ उजाडले. न्यूयॉर्कमध्ये पॉल बिनियाझ यांच्या गटाने एचआयव्हीचा अभ्यास करताना इंटरफेरॉनमुळे वाढणारे एक प्रथिन ओळखले. त्याचे एक टोक पेशीच्या आवरणात रुतते, दुसरे विषाणूच्या. गाय दाव्याने बांधावी तसा विषाणू दारातच राहतो. म्हणून त्याचे नावही ‘टेथरिन’. टेथर म्हणजे दावे. उंदराचा तो विषाणूही या दाव्यात अडकतो. एचआयव्हीने मात्र ते सोडवायला स्वतःचे ‘व्हीपीयू’ नावाचे प्रथिन बाळगले आहे.