अनफिट कोण, वैमानिक की व्यवस्था?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान काही सेकंदांतच बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९, असे एकूण २६० जीव गेले. महिनाभराने प्राथमिक तपास अहवाल आला. दोन्ही इंजिनांना इंधन देणारे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले, असे त्यात म्हटले होते. ते कसे गेले, याचे उत्तर अहवालात नव्हते. पण माध्यमांना थांबायला वेळ नव्हता. आधी परदेशी वृत्तपत्रांत, मग आपल्या चॅनेलवर आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर कॅप्टनच्या मानसिक आरोग्याची चर्चा रंगली. स्वतःची बाजू मांडायला जो जिवंत नव्हता, त्याच्यावर निकाल लागून गेला. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला त्याच्या वृद्ध वडिलांची समजूत काढावी लागली की, प्राथमिक अहवालात तुमच्या मुलावर ठपका ठेवलेला नाही.

त्याच अहवालातील एका साध्या नोंदीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. दोन्ही वैमानिकांची उड्डाणापूर्वी ब्रेथ अ‍ॅनालायझर चाचणी झाली होती आणि ते 'फिट' होते. म्हणजे कागदावर सगळे ठीक होते. अहमदाबादचे अंतिम कारण तपास यंत्रणेने शोधायचे आहे, तो निकाल आपण देऊ नये. पण या निमित्ताने उभा राहिलेला प्रश्न आपला आहे. 'फिट' म्हणजे नेमके काय? ते कोण ठरवते? आणि 'मी आज फिट नाही' असे सांगणाऱ्या कामगाराचे पुढे काय होते?

यंत्राला काय दिसते, काय दिसत नाही

प्रवासी विमान चालवणाऱ्या वैमानिकाला 'क्लास वन' मेडिकल सर्टिफिकेट लागते. दर वर्षी तपासणी होते, वयाची साठी ओलांडली की दर सहा महिन्यांनी. हृदय, डोळे, कान, रक्तदाब, साखर, सगळे पाहिले जाते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमानुसार उड्डाणापूर्वीचे १२ तास दारूला स्पर्श करता येत नाही. श्वास चाचणीत पहिल्यांदा सापडला तर लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा रद्द. हे कडक आहे आणि कडकच असले पाहिजे.

पण या चाचण्यांना रक्तातली साखर दिसते, श्वासातली दारू दिसते. चार रात्री न झालेली झोप दिसत नाही. घरातला मृत्यू, मोडलेला संसार, नैराश्य दिसत नाही. या गोष्टी माणसाने स्वतः सांगाव्या लागतात. आणि सांगण्याची किंमत मोठी आहे. मेडिकल गेले की लायसन्स असून नसल्यासारखे. पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरत असेल, तर जमिनीवर बसलेल्या वैमानिकाच्या घरात लगेच चणचण सुरू होते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी सर्वेक्षणात ३,७६५ वैमानिकांना विचारले गेले. त्यातल्या ५६ टक्क्यांहून अधिक जणांनी, सर्टिफिकेट जाईल या भीतीने उपचार टाळल्याचे किंवा माहिती दडवल्याचे मान्य केले. हे सगळे वाईट लोक आहेत का? समाजशास्त्राचा विद्यार्थी असे म्हणणार नाही. अर्ध्याहून अधिक माणसे एकाच प्रकारे वागतात, तेव्हा दोष एकेकट्याच्या स्वभावात शोधायचा नसतो. त्यांना तसे वागायला लावणारी रचना तपासायची असते.

जर्मनविंग्जचा धडा

२४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्यूसेलडॉर्फला जाणारे जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने मुद्दाम आल्प्स पर्वतावर आदळवले. १५० माणसे गेली. त्या कृत्याला कोणतीही सबब नाही. आणि नैराश्य असलेला प्रत्येक माणूस धोकादायक असतो, असाही त्याचा अर्थ नाही. पण फ्रान्सच्या अपघात तपास यंत्रणेने २०१६ मध्ये दिलेला अहवाल वाचण्यासारखा आहे. सहवैमानिक अनेक डॉक्टरांकडे जात होता. काहींनी त्याला कामासाठी अनफिट ठरवले होते. ते कंपनीपर्यंत किंवा नियामकापर्यंत पोहोचले नाही. प्रशिक्षणासाठी काढलेले कर्ज त्याच्या डोक्यावर होते. आजार सांगितला असता तर नोकरी आणि उत्पन्न दोन्ही गेले असते.

तपास यंत्रणेने मग काय सुचवले? डॉक्टरांनी रुग्णाची गोपनीयता कधी मोडावी याचे स्पष्ट नियम करा, हे तर सुचवलेच. त्यासोबत वैमानिकांसाठी सहकाऱ्यांचे मदत गट उभारा आणि लायसन्स गेल्यावर येणारे आर्थिक संकट कमी करा, असेही सांगितले. अपघाताचा तपास करणाऱ्या तांत्रिक संस्थेने रोजीरोटीचा प्रश्न हा सुरक्षेचा प्रश्न आहे, हे मान्य केले.

काही देशांनी हे आधीच ओळखले होते. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकाच्या अखेरपासून नैराश्यावर उपचार घेणाऱ्या वैमानिकांना देखरेखीखाली उडू दिले जाते. अमेरिकेने २०१० मध्ये ठरावीक औषधांपुरती परवानगी दिली. आपल्या डीजीसीएनेही फेब्रुवारी २०२३ मध्ये परिपत्रक काढून मानसिक तपासणी आणि सहकारी मदत गटांची दिशा दाखवली. दिशा योग्य आहे. पण मदत गट कंपनीच चालवणार असेल आणि तिथे बोललेले पदोन्नतीच्या वेळी आठवणार असेल, तर तिथे जाऊन कोण बोलेल?

अहमदाबादनंतर चार दिवसांनी, १६ जूनला, एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली. ही माहिती नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत लेखी उत्तरात दिली. उत्तरात याला किरकोळ वाढ म्हटले होते. सहकारी जळून गेल्यावर कॉकपिटमध्ये बसायला ज्यांचे मन धजावले नाही, त्यांची ही संख्या असू शकते. त्यांनी रजा घेतली हे चांगलेच झाले. घाबरायचे ते रजा न घेता, दात-ओठ खाऊन उडणाऱ्यांसाठी.

थकव्याचे राजकारण

२२ मे २०१० रोजी मंगळुरूला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले. १५८ मृत्यू झाले. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. तो प्रवासात दीड तासाहून अधिक वेळ झोपला होता. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदूवर राहणारी गुंगी हे चौकशीत अपघातामागचे एक कारण मानले गेले. थकवा जीव घेतो, हे भारताला तेव्हापासून माहीत आहे.

तरी विश्रांतीचे सुधारित नियम यायला जानेवारी २०२४ उजाडले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास. रात्रीच्या ड्युटीत लँडिंग सहाऐवजी दोन. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत. हे १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. विमान कंपन्यांनी विरोध केला आणि नियम पुढे ढकलले गेले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात लढल्या, तेव्हा कुठे ते दोन टप्प्यांत लागू झाले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी.

पुढचे आपण सर्वांनी पाहिले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक. तयारीला जवळपास दोन वर्षे मिळूनही देशातील सर्वात मोठ्या कंपनीकडे पुरेसे वैमानिक नव्हते. प्रवासी विमानतळावर बॅगांवर झोपले होते. आणि सरकारने काय केले? त्याच दिवशी कंपनीला रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा मोजता येणार नाही, हा नियम तर सर्वच कंपन्यांसाठी मागे घेतला. नियोजन कंपनीचे चुकले आणि झोप कामगाराची कापली गेली.

दोन वर्षे आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, नागपूर विमानतळावर पुण्याच्या विमानाचा चाळिशीतला कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. आदल्या पहाटे तीन ते सात या वेळेत त्याने उड्डाणे केली होती, त्यानंतर २७ तासांची विश्रांती मिळाली होती. म्हणजे नियम पाळला गेला होता. थकव्यानेच मृत्यू झाला असे म्हणता येत नाही. पण नियम पाळणे आणि माणसाची काळजी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र म्हणता येते.

आता ज्याने लक्ष ठेवायचे त्याची तब्येत पाहू. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदवले की, डीजीसीएच्या १,०६३ मंजूर पदांपैकी फक्त ५५३ भरलेली आहेत. वैमानिकाची दर वर्षी तपासणी करणारी संस्था स्वतः निम्म्या अंगाने उभी आहे. तिला कोण अनफिट ठरवणार?

यात आपले काय?

'विमानाचा प्रश्न श्रीमंतांचा' असे आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील. ते आता खरे राहिलेले नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत कमर्शियल पायलट लायसन्सचा समावेश आहे. नागपूर फ्लाइंग क्लब आणि गोंदियाजवळचे बिरसी आपल्या वस्त्यांपासून फार दूर नाही. मात्र प्रशिक्षणाचा खर्च ५० लाखांच्या घरात किंवा त्यापुढे जातो. ज्याच्या घरात शेत नाही, सोने नाही, विमानात काम करणारा मामा-काका नाही, त्याने मेडिकल गमावले तर तो एकटा बुडत नाही. जामीनदार राहिलेले अख्खे घर बुडते. म्हणून आजार लपवण्याचा सर्वात जास्त दबाव पहिल्या पिढीच्या वैमानिकावर असतो.

त्यात जातीची भर पडते. जून २०२५ मध्ये एका मोठ्या विमान कंपनीतील दलित प्रशिक्षणार्थी वैमानिकाने गुरुग्राममध्ये वरिष्ठांनी जातिवाचक अपमान केल्याची तक्रार केली. तू विमान उडवायच्या लायकीचा नाहीस, जाऊन चपला शिव, अशा आशयाचे बोल सुनावल्याचा त्याचा आरोप आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. कंपनीने आरोप फेटाळले आहेत, निर्णय न्यायालय देईल. पण 'लायक नाही' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. ज्या कार्यालयात लायकी जातीवरून मोजली जाण्याची भीती असते, तिथे आपला मुलगा किंवा मुलगी 'आज मला बरे वाटत नाही' असे कोणत्या तोंडाने सांगेल?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. इतरांनी त्याला सोडून दिले होते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा उरला नव्हता. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला स्वच्छ केले आणि संघाला बजावले की, आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा समजा. उपयोग संपला की माणूस संपला, या विचारालाच तो नकार होता. बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून हाच विचार कायद्यात आणला. कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे १९४६ चे विधेयक त्यांनी मांडले. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी राहू नये, ती कामगाराचा हक्क व्हावी, हा त्यामागचा आग्रह होता. डिसेंबरमध्ये जी सूट दिली गेली, ती या आग्रहाच्या उलट दिशेने टाकलेले पाऊल आहे.

मागण्या कोणत्या?

पहिली, वैद्यकीय कारणाने जमिनीवर आलेल्या वैमानिकाला उत्पन्नाचे संरक्षण सक्तीचे करा. शिष्यवृत्तीवर शिकलेल्यांसाठी या विम्याचा पहिला काही वर्षांचा हप्ता सामाजिक न्याय विभागाने भरावा. दुसरी, मदत गट कंपनीच्या मनुष्यबळ विभागापासून पूर्ण वेगळे ठेवा. तिसरी, विश्रांतीच्या नियमांतून दिलेली प्रत्येक सूट कारणांसह, मुदतीसह जाहीर करा. चौथी, डीजीसीएची रिक्त पदे आरक्षणाचे नियम पाळून भरा. पाचवी, जातीय छळाच्या तक्रारीसाठी कंपनीबाहेरची यंत्रणा द्या.

यासाठी मोर्चाच काढावा लागतो असे नाही. माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो: किती सुटी दिल्या, कोणाला, कोणत्या कारणाने? थकव्याच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले? खात्याचे राज्यमंत्री पुण्याचे आहेत, पुण्यातील तरुणांनी हे प्रश्न त्यांच्या कार्यालयात लेखी द्यावेत. आणि हीच फूटपट्टी एसटीच्या चालकाला, १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाला लावावी. डबल ड्युटी करून स्टिअरिंगवर बसलेल्या त्या माणसाची श्वास चाचणी घेणारे सापडतात, त्याची झोप विचारणारे सापडत नाहीत.

पुढचा अपघात झाला की पुन्हा एखाद्या वैमानिकाची औषधांची चिठ्ठी टीव्हीवर फिरेल. तेव्हा आपण दोनच प्रश्न विचारायचे. त्याच्या शेवटच्या सात दिवसांचे ड्युटी रोस्टर कुठे आहे? आणि त्यावर सही कोणाची आहे?