चार कप्पे दिसले, म्हणजे हृदय तपासले असे नव्हे

सोनोग्राफीच्या अहवालात ‘हृदयाचे चार कप्पे दिसतात’ हे वाक्य वाचून आईबाप निर्धास्त होतात. हा दिलासा अपुरा आहे आणि त्याची किंमत नवजात बालके मोजतात.

भारतात दरवर्षी अंदाजे २ लाख बालके हृदयदोष घेऊन जन्मतात. त्यांतील काहींच्या महारोहिणी व फुप्फुस धमनी यांची अदलाबदल झालेली असते. अशा हृदयाचे चारही कप्पे बहुधा निर्दोष दिसतात. दोष असतो तो त्यांच्यातून निघणाऱ्या वाहिन्यांत. निरोगी गर्भात या दोन वाहिन्या उगमापाशी एकमेकींना ओलांडतात, अदलाबदल असेल तर समांतर धावतात. प्रोब गर्भाच्या डोक्याकडे किंचित सरकवला, की हा फरक दिसू शकतो. त्यासाठी नवे यंत्र नको. शिकलेली नजर आणि आणखी काही मिनिटे हवीत.

गर्भात प्राणवायू वारेतून मिळत असल्याने बाळ सुखरूप असते. जन्मानंतर डक्टस ही जोडवाहिनी मिटू लागते आणि बाळ निळे पडते. प्रोस्टाग्लँडिनने ती उघडी ठेवता येते; पुढे शस्त्रक्रियेने धमन्या योग्य जागी जोडता येतात. निदान आधी झाले, तर प्रसूतीच योग्य रुग्णालयात होते. न झाले, तर बाळाचा जीव रुग्णवाहिकेच्या वेगावर टांगलेला राहतो.

‘निदान म्हणजे गर्भपाताला निमंत्रण’ हा आक्षेप उलटा आहे. २०२१च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतर गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते; त्यामुळे उशिरा कळलेला दोषच घाईचा निर्णय लादतो. वेळेवर कळले, तर बालहृदयरोगतज्ज्ञ ‘हा दोष दुरुस्त होतो’ हे आईबापांना सांगू शकतात.

‘गरीब देशाला ही चैन परवडत नाही’ हेही खरे नाही. केरळने २०१७ साली ‘हृद्यम’ योजनेतून हृदयदोषी बालकांची नोंदणी आणि मोफत उपचार यांची सांगड घातली. इतर राज्यांना हे अशक्य का असावे?

गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे ‘फॉर्म एफ’ भरणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. जे शासन प्रत्येक तपासणीचा कागद मागू शकते, त्याने ‘मोठ्या वाहिन्या पाहिल्या : होय / नाही’ ही एक ओळही मागावी. ‘नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिलेला अहवालही आईला वेळेत पुढच्या तपासणीस पाठवील. खोटा दिलासा मात्र तिला घरीच बसवतो.