विचारू नका, लिहून बघा!

नानाकाकांनी आजोबांची वही टाइप करायला घेतली होती. रोज दोन पानं, एका बोटाने. बॅकअपची स्क्रिप्ट पायथनमध्ये मी लिहून दिली (हौस माझीच!). घरातल्या दुसऱ्या विंडोज मशीनवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये लिहिता येतं का, हे आधी 'ओएस.अ‍ॅक्सेस'ला विचारायचं, 'हो' आलं की कॉपी करायची आणि पडद्यावर 'बॅकअप झाला'. तीन महिने रोज 'हो' येत होतं. मग काकांची हार्ड डिस्क गेली. फोल्डर उघडलं, तर रिकामं.

कारण कळल्यावर डोकंच फिरलं. विंडोजवर हे फंक्शन लिहिण्याची परवानगी तपासताना फक्त फाइलवरचा 'रीड-ओन्ली' शिक्का बघतं. कुठल्या युजरला काय मुभा आहे, ती यादी बघतच नाही. फोल्डरच्या बाबतीत तर शिक्काही नाही. फोल्डर आहे ना? मग 'हो'! कुलूप आहे का विचारलं, तर दार आहे म्हणून सांगायचं...

लिनक्सवाल्या मित्रांनो, हसू नका. तुमच्याकडे सेटयूआयडी प्रोग्राममध्ये हेच फंक्शन प्रोग्राम सुरू करणाऱ्याचे अधिकार तपासतं, आणि फाइल उघडताना मात्र ज्याच्या नावाने तो चालतोय त्याचे लागू होतात. पीएचपीचं 'इज-रायटेबल' आधीचं उत्तर लक्षात ठेवतं. मधल्या वेळात बाहेरून कुणी परवानगी बदलली, तरी तेच ऐकवू शकतं.

"मॅन्युअल वाचायचं होतंस." वाचलं, नंतर. नेटवर्कवर 'हो' मिळूनही काम फसू शकतं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पण माझा राग त्या उत्तरापेक्षा प्रश्नावर आहे. उत्तर खरं असलं तरी ते विचारल्या क्षणापुरतं. पुढच्या क्षणी परवानगी जाऊ शकते, डिस्क भरू शकते. थेट लिहायला जा, नाही जमलं तर एरर येतेच.

आता माझं पाप. ती एररही रोज येत होती! मीच 'एक्सेप्ट: पास' लिहून ती गिळली होती. आधी तपासलंय, मग एरर येईलच कशाला, असा थाट.

आता स्क्रिप्ट काही विचारत नाही. कॉपी करते, ती परत वाचून मूळ फाइलशी ताडते, आणि फसली तर ओरडते. काकांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली आहे. मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आत्या, सुरुवातीची काही पानं त्यांनी तुला मेल केली होती ना? जरा शोधशील का?