आधी बैठक, मग वाद्य

दुकानाची गादी मांडताना जाणता व्यापारी प्रथम स्वतःची बैठक ठरवतो. मग तराजू, चोपडी आणि गल्ला बसल्या जागी हाताशी येतील असे ठेवतो. घरात नव्याने आलेला ड्रम सेट मांडताना मात्र हा विवेक अनेकदा विसरला जातो. सेट प्रौढ माणसाच्या मापाने जोडला जातो आणि त्यापुढे दहा-बारा वर्षांचे मूल बसते. थोड्याच दिवसांत त्याचा खांदा दुखू लागतो, ते सराव टाळू लागते आणि घरचे म्हणतात, हौस फिटली. पुष्कळदा हौस फिटलेली नसते. झांज फार उंच असते.

मांडणीचा आरंभ बैठकीपासून व्हावा. स्टूल इतके उंच असावे की मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील. पाय सहज जेथे टेकतील, तेथेच पायटे यावेत. स्नेअर ड्रम मांड्यांच्या किंचित वर, दोन्ही गुडघ्यांच्या मधोमध असावा. त्यानंतर टॉम लावावेत. ते शक्य तितके जवळ आणि वादकाकडे थोडेसेच कललेले असावेत. कल फार झाला, तर काठी पडद्यावर टोकाने आदळते. पडद्यावर खळगे पडतात आणि मनगटालाही हिसका बसतो. फ्लोअर टॉमची उंची साधारण स्नेअरइतकी ठेवावी.

झांजा सर्वांत शेवटी लावाव्यात. त्या वाजवताना कोपर खांद्याच्या वर जाऊ नये, पाठ पुढे झुकू नये. झांज वादकाकडे किंचित कललेली असावी, म्हणजे काठी कडेवर सरळ आदळत नाही. वरचा नट करकचून आवळू नये. झांजेला डोलायला जागा नसेल, तर तिला तडा जाण्याचा संभव वाढतो.

डावखुऱ्या मुलासाठी सारी मांडणी उलट बाजूने करता येते. मात्र तोच एक मार्ग नव्हे. बीटल्सचे रिंगो स्टार डावखुरे असूनही उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवत आले. मुलाच्या हाताला जे सुखाचे, ते योग्य.

जैन घरात आणखी एक प्रश्न स्वाभाविकपणे येतो, तो चामड्याचा. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरचे पडदे बाजारात आले आणि आजच्या बहुतेक ड्रम सेटवर तेच असतात. तरीही खरेदीपूर्वी विचारून खात्री करावी.

वस्तू उचलताना आणि ठेवताना सावध राहावे, कोणत्याही जीवाला पीडा होऊ नये, ही आदान-निक्षेपण समितीची शिकवण मुनिधर्मातील आहे. श्रावकाच्या घरातही तिचा अंश उतरावा. त्या जीवांत आपले मूलही येतेच.

मांडणी झाली की मुलाला डोळे मिटून प्रत्येक वाद्यावर हळुवार काठी टेकवायला सांगावे. जेथे हात ताणला जाईल, तेथे मुलाला नव्हे, वाद्याला सरकवावे. मूल वाढते, म्हणून दर सहा महिन्यांनी ही पारख पुन्हा करावी.